नोकरीच्या मेडिकलमधलं वजन आणि बीएमआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीच्या मेडिकलमध्ये वजनावरून अडकलेले लोक जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एकत्र केलेत. ज्याला जेवढं लागेल तेवढंच वाचा, एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. बीएमआय म्हणजे नक्की काय, आणि काढतात कसा?

वजन किलोमध्ये घ्यायचं, उंची मीटरमध्ये घेऊन तिला तिनेच गुणायचं, आणि त्या गुणाकाराने वजनाला भागायचं. उंची १७० सेंटिमीटर असेल तर १.७ गुणिले १.७ म्हणजे २.८९, वजन ८० किलो असेल तर ८० भागिले २.८९, बीएमआय आला २७.७. बस, एवढंच आहे. यात चरबी किती, स्नायू किती, बीपी, शुगर, दम किती टिकतो, जिना चढल्यावर धाप लागते का, यातलं काहीच नाही. दोन मापं आणि एक भागाकार, हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढची बरीच उत्तरं यावरच उभी आहेत.

२. हा फॉर्म्युला डॉक्टरांनीच शोधला असेल ना?

नाही. बेल्जियममध्ये अडॉल्फ केटले नावाचा खगोल आणि संख्याशास्त्राचा माणूस होता, त्याने १८३२ च्या आसपास दाखवलं की मोठ्या माणसांमध्ये वजन साधारण उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतं. त्याला आजारी कोण हे शोधायचंच नव्हतं, त्याला समाजातला 'सरासरी माणूस' कसा असतो ते मांडायचं होतं. मधल्या काळात विमा कंपन्यांनी आपापले उंची-वजनाचे तक्ते काढले, अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीचे तक्ते तर कित्येक वर्षं प्रमाण मानले गेले. मग १९७२ मध्ये ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळे फॉर्म्युले तपासून केटलेचा त्यातल्या त्यात बरा ठरवला आणि त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. तो अभ्यास फक्त पुरुषांवर होता. आणि उपयोग कशाचा, तर हजारो लोकांच्या गटाची तुलना करायची असेल तेव्हाचा. एकट्या माणसाला नोकरी द्यायची की नाही हे ठरवायला तो बनवलेलाच नाहीये.

३. मग २५ च्या वर गेलं की ओव्हरवेट, हे कोणी ठरवलं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १८.५ च्या खाली कमी वजन, १८.५ ते २४.९ नॉर्मल, २५ ते २९.९ ओव्हरवेट, ३० पासून पुढे लठ्ठ. स्त्री-पुरुष दोघांना तेच आकडे. पण या रेषा दगडावरच्या नाहीत. अमेरिकेत १९९८ पर्यंत ओव्हरवेटची रेषा पुरुषांना २७.८ आणि बायकांना २७.३ होती, त्या वर्षी ती २५ वर आणली, आणि अंगावर एक ग्रॅम न वाढता कोट्यवधी लोक ओव्हरवेट झाले.

नंतर रेषा अजून खालीही आल्यात. आशियाई लोकांमध्ये डायबेटीस आणि हृदयाचे आजार कमी बीएमआयलाच सुरू होताना दिसतात म्हणून २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २३ आणि २७.५ हे जादा टप्पे सुचवले, आणि भारतातले बरेच डॉक्टर २५ लाच लठ्ठ धरतात. म्हणजे २५.५ वाला एकच माणूस एका तक्त्यात जरासा ओव्हरवेट आणि दुसऱ्या तक्त्यात लठ्ठ. म्हणून रिपोर्टवर नुसतं 'ओव्हरवेट' लिहिलं असेल तर पहिलं विचारायचं, कुठल्या तक्त्याप्रमाणे?

४. रोज व्यायाम करतो, अंगावर चरबी नाही, तरी ओव्हरवेट आलं. मशीन बिघडलंय का?

मशीन ठीक असेल. स्नायू चरबीपेक्षा दाट असतात, त्याच जागेत जास्त वजन मावतं, आणि बीएमआयला दोघांतला फरक कळत नाही. वजन उचलणारे, कुस्ती खेळणारे, अंगमेहनतीचं काम करणारे यांचा आकडा २७-२८ सहज येतो. दुसरं कारण उंचीचं. फॉर्म्युल्यात उंचीचा वर्ग घेतात, पण माणूस उंच होताना सगळ्या बाजूंनी वाढतो, त्यामुळे खूप उंच माणसाचा आकडा उगाच फुगतो आणि बुटक्या माणसाचा उगाच खाली राहतो. ऑक्सफर्डचे गणितज्ञ निक ट्रेफेथन यांनी २०१३ मध्ये वर्गाच्या जागी अडीचचा घात वापरा असं याच कारणासाठी सुचवलं होतं.

पण खरं सांगायचं तर, माझे स्नायूच आहेत असं म्हणणाऱ्या प्रत्येकाचे स्नायूच असतात असंही नाही. टेप घ्या आणि कंबर मोजा. पँटचा नंबर बघू नका, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडल्यावर मोजा. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर तुमचं म्हणणं मांडायला चांगला आधार मिळाला.

५. उलटं होतं का? बीएमआय नॉर्मल आणि तब्येत मात्र ठीक नाही?

होतं, आणि हे कमी बोललं जातं. हातपाय बारीक, पोट पुढे, बीएमआय २३, आणि रक्त तपासलं तर शुगर वाढलेली. पोटाच्या आत, लिव्हरभोवती साठलेली चरबी जास्त त्रासाची, आणि ती काट्यावर वेगळी दिसत नाही. नोकरीच्या दृष्टीने यातलं गंभीर काय, तर फक्त बीएमआय बघणारी कंपनी अशा माणसाला आरामात पास करते आणि प्रश्न ४ मधल्याला घरी पाठवते. म्हणजे दोन्हीकडून चूक. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०२३ मध्ये हेच म्हटलं की बीएमआय एकटा वापरू नका, बाकीच्या मापांबरोबर बघा. जानेवारी २०२५ मध्ये लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने तर लठ्ठपणाचं निदानसुद्धा एकट्या बीएमआयवर करू नये असं सांगितलं, कंबर किंवा प्रत्यक्ष चरबी मोजा आणि शरीराच्या कामावर परिणाम झालाय का ते बघा.

६. एकाच आठवड्यात दोन ठिकाणी मेडिकल झालं, एकीकडे २४.५ आणि दुसरीकडे २५.१. खरं कुठलं?

दोन्ही, आणि म्हणूनच काठावरच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. ७० किलो वजनाला उंची १६९ धरली तर २४.५ येतो, १६७ धरली तर २५.१. दोन सेंटिमीटरमध्ये माणूस पास-नापास. आणि उंची मोजताना काय चालतं ते नीट बघा: रांग मोठी असते, कोणी बूट न काढता उभा राहतो, कोणाचा अंबाडा तसाच असतो, कोणी हनुवटी वर करून उभा, मोजणारा माणूस वरची पट्टी डोक्याला टेकवायच्या आतच आकडा सांगतो आणि लिहिणारा तो जवळच्या पूर्ण आकड्यात बसवतो. शिवाय पाठीच्या कण्यातल्या चकत्या दिवसभर दबतात म्हणून संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरते. वजनही सकाळ ते रात्र किलोभर इकडेतिकडे होतंच.

म्हणून बूट काढा, केस मोकळे करा, टाचा आणि पाठ भिंतीला लावा, नजर सरळ ठेवा, खिसे रिकामे करा, आणि आकडा तुमच्यासमोर लिहिला जातोय का बघा. चुकला वाटला तर तिथल्या तिथे परत मोजायला सांगा. नंतर भांडण्यापेक्षा हे शंभर पटीने सोपं.

७. वजनाची अट खरंच लागते अशी एकतरी नोकरी आहे का?

आहेत, आणि हे मान्य केलं पाहिजे. जिथे यंत्राला किंवा दोरीला मर्यादा आहे तिथे वजन मोजावंच लागतं. उंचावर काम करणाऱ्यांचे सेफ्टी हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचे पट्टे, आणि त्याचे शॉक ॲब्सॉर्बर ठराविक वजनापर्यंतच चालतात, कित्येकांवर १४० किलोपर्यंत असं लिहिलेलं असतं, आणि यात हत्यारं आणि कपड्यांचंही वजन धरतात. शिडीचंही तसंच. अट वरचीच असते असंही नाही, २०१५ मध्ये अमेरिकेत एफ-३५ विमानाच्या ६१.७ किलोपेक्षा हलक्या पायलटना उड्डाणापासून थांबवलं होतं, कारण इजेक्शन सीट, म्हणजे संकटात पायलटला विमानाबाहेर फेकणारी सीट, उडताना त्यांच्या मानेला धोका होता. नंतर सीट आणि हेल्मेट सुधारलं आणि ती बंदी उठवली. हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे उपकरणावर काम झालं, माणसांना कायमचं नालायक ठरवलं नाही.

अजून एक बघा. ब्रिटनमध्ये समुद्रातल्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांची २०१५ पासून खांद्याची रुंदी मोजतात, कारण खरा प्रश्न अपघातात खिडकीतून बाहेर पडता येईल का हा आहे. रुंदी २२ इंच किंवा जास्त भरली तर माणसाला मोठ्या खिडकीजवळची सीट देतात, नोकरी जात नाही. खरी अट अशी असते, कशासाठी ते एका वाक्यात सांगता येतं. आणि लक्षात घ्या, या तिन्ही ठिकाणी बीएमआय कुठेच नाहीये. हार्नेसला किलो कळतात, उंची भागून आलेला आकडा कळत नाही.

८. सैन्य, पोलीस, फायर ब्रिगेड इथे तर बीएमआय किंवा वजनाचा तक्ता असतोच, तिथे काय म्हणाल?

तिथे अंगात ताकद आणि दम लागतो यात वादच नाही. पण मग ताकद आणि दमच तपासा. धावणं, माणसाच्या वजनाची बाहुली ओढत नेणं, पाण्याने भरलेला पाइप घेऊन जिने चढणं, या चाचण्या आहेत आणि चांगल्या आहेत. वजनाचा तक्ता हा त्यांचा शॉर्टकट आहे, हजारो उमेदवार असले की स्वस्त पडतो म्हणून टिकलाय.

अमेरिकन सैन्याचंच बघा, तिथे तक्त्यात न बसणाऱ्याला लगेच बाहेर काढत नसत, आधी टेपने मोजून शरीरातल्या चरबीचं प्रमाण ठरवायचे. आणि २०२३ मध्ये त्यांनी ठरवलं की तेव्हाच्या फिटनेस टेस्टमध्ये ६०० पैकी ५४० मार्क आणि प्रत्येक प्रकारात किमान ८० मिळवणाऱ्याला चरबीच्या मोजमापातून सूट. तुमच्या भरतीत अशी दुसरी पायरी आहे का ते जाहिरात आणि नियमावलीत शोधा, पुष्कळदा असते आणि कोणी सांगत नाही. नियमात नसेल तर मात्र प्रश्न १४ मधला मार्ग.

९. केबिन क्रूसाठी बायकांना वेगळा आणि पुरुषांना वेगळा बीएमआय, हे कसं चालतं?

मला विचाराल तर चालायला नको. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१४ च्या नियमांत नॉर्मल बीएमआय पुरुषांना १८ ते २५ आणि बायकांना १८ ते २२ असा ठेवला. प्रश्न ३ मधला तक्ता दोघांना एकच आहे, मग १६० सेंटिमीटर उंचीच्या मुलीला ५६ किलोवर थांबायचं आणि त्याच उंचीच्या मुलाला ६४ पर्यंत जायचं, याचा विमानातल्या सुरक्षेशी काय संबंध? आपत्कालीन दरवाजा दोघांनाही तितकाच जड.

अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्समध्ये हेच व्हायचं, बायकांना मध्यम बांध्याचा तक्ता आणि पुरुषांना मोठ्या बांध्याचा. २००० साली तिथल्या अपील कोर्टाने हा लिंगभेद आहे असं सांगितलं. सुरक्षेचं कारण देत असतील तर अरुंद आयलमधून जाता येतं का, दरवाजा उघडता येतो का, प्रवाशाला ओढून बाहेर काढता येतं का, हे तपासा. तिथे नापास झालेल्या माणसाला निदान कशात कमी पडलो ते तरी कळतं.

१०. माझं काम दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून आहे, तरी बीएमआय ३१ आला म्हणून ऑफर थांबवली. असं करता येतं का?

करतात, पण कामाशी जोडून सांगा म्हटलं तर उत्तर नसतं. साधारण ऐकायला मिळतं ते असं: पुढे आजारी पडेल, सुट्ट्या घेईल, इन्शुरन्स महाग पडेल. म्हणजे गटाची शक्यता एका माणसाच्या माथी मारायची. बीएमआय ३१ असलेल्यांच्या गटात डायबेटीस जास्त दिसतो हे खरं आहे, पण तुम्हाला तो आहे का हे तुमचा रक्ताचा रिपोर्ट सांगेल, आणि असला तरी माणूस औषध घेऊन टेबलावरचं काम वर्षानुवर्षं व्यवस्थित करतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका हॉस्पिटलने बीएमआय ३५ च्या वरच्यांना घ्यायचंच नाही असा नियम केला होता, २०१२ मध्ये ते बाहेर आल्यावर गदारोळ झाला. तब्येतीचं काम करणाऱ्यांनीच असं करावं हे जास्त लागतं. कायद्याचं प्रश्न ११ मध्ये आहे.

११. वजनावरून नाकारणं बेकायदेशीर नाही का?

बहुतेक देशांच्या कायद्यात वजन असा वेगळा शब्दच नाही. जिथे आहे अशी ठिकाणं मोजकी: अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या १९७६ च्या कायद्यात उंची आणि वजन दोन्ही आहेत, न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये दोन्ही घातले, फ्रान्समध्ये २००१ पासून शारीरिक रूपावरून भेदभावाला बंदी आहे. आणि न्यूयॉर्कच्या कायद्यातही काम खरंच करता येत नसेल तर अपवाद आहेच, त्यामुळे प्रश्न ७ मधल्या अटी तिथेही टिकतात.

बाकी ठिकाणी लोक दोन वाटांनी लढतात, एक लिंगभेद, प्रश्न ९ मधल्यासारखा, आणि दुसरी अपंगत्वाचा कायदा. तुमच्या देशाचा, सरकारी की खाजगी नोकरी, यावरून बरंच बदलतं, तेव्हा वकिलाला भेटताना भरतीची जाहिरात आणि मेडिकलचा कागद दोन्ही घेऊन जा.

१२. मेडिकलला आठ दिवस आहेत, चार किलो उतरवायचेत. उपाशी राहू? लघवीच्या गोळ्या घेऊ?

नका, मनापासून सांगतोय, नका. आठ दिवसांत जे उतरतं त्यात बहुतेक पाणी असतं. लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम खाली जातं, हृदयाचे ठोके बिघडतात, पाणी तोडून उन्हात पळण्याने तर मैदानावर लोक कोसळतात. आणि वजनात पास झालात तरी त्याच दिवशी बीपी, लघवी, रक्त तपासतात, तिथे डिहायड्रेशन दिसतं आणि पाच किलोमीटर धावायचा दम राहत नाही. भरतीचा जो भाग तुमच्या हातात होता तोच जातो.

हाताशी तीन-चार महिने असतील तर आठवड्याला अर्धा किलो हा वेग बरा, आणि त्यात ताकदीचा व्यायाम ठेवा म्हणजे स्नायू जात नाहीत. खाण्यावरून सारखी अपराधी भावना येत असेल, खाऊन उलटी काढणं सुरू झालं असेल, तर भरती बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोला.

१३. वजन कमी आहे म्हणून अनफिट केलं, हे पण होतं?

होतं, १८.५ च्या खाली गेलं की. कित्येक जण घडणीनेच सडपातळ असतात, पण आधी थायरॉइड, टीबी, पोटाचे विकार, हिमोग्लोबिन एवढं बघून घ्या, कारण कमी वजनामागे कधीकधी खरंच काहीतरी सापडतं. सगळं नॉर्मल आलं तर ते रिपोर्टच तुमच्या अपीलला जोडायचे.

१४. अनफिट लिहून दिलं, आता नेमकं काय करू?

आधी कारण लेखी मागा: उंची किती लिहिली, वजन किती, कुठला तक्ता, कितीला रेषा. तोंडी 'वजन जास्त आहे' याला काही अर्थ नाही. मग भागाकार स्वतः करून बघा, साधी आकडेमोड चुकलेली किंवा उंची-वजनाचे आकडे अदलाबदल झालेले सापडतात. रिव्ह्यू मेडिकल किंवा अपीलची मुदत त्याच दिवशी विचारा, ती फार थोडी असते आणि सगळ्यात जास्त लोक इथेच हातची संधी घालवतात.

अपीलबरोबर बाहेरच्या डॉक्टरांचा रिपोर्ट द्या, त्यात परत मोजलेली उंची आणि वजन, कंबर, बीपी, शुगर, आणि जमलं तर डेक्सा स्कॅन, त्यात चरबी आणि स्नायू वेगवेगळे दिसतात. अर्जात चार ओळी लिहा, रडगाणं नको: या पदाचं काम अमुक आहे, ते मी करू शकतो, हवी ती शारीरिक चाचणी घ्या. चाचणीची मागणी तुम्हीच केलीत की नाकारणाऱ्याला कारण शोधावं लागतं.

१५. मी गरोदर आहे / पाय कापलेला आहे / स्टेरॉइड चालू आहेत. माझा बीएमआय धरतात का?

धरायला नको. गरोदरपणात वजन वाढणारच, तिथे हा आकडा लागूच होत नाही, आणि बाळंतपणानंतरही काही महिने शरीर बदलत असतं, तेव्हा तारीख पुढे मागा. अवयव नसेल तर वजन दुरुस्त करून घ्यावं लागतं, पूर्ण पाय म्हणजे शरीराच्या साधारण १६ टक्के आणि पूर्ण हात सुमारे ५ टक्के धरतात, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. पाठीला बाक असेल तर उंची कमी भरते आणि आकडा खोटा वाढतो. किडनी, हृदय किंवा लिव्हरच्या आजाराने अंगावर सूज असेल तर ते पाण्याचं वजन आहे. स्टेरॉइड चालू असतील तर प्रिस्क्रिप्शन आणि किती दिवसांचा कोर्स आहे ते दाखवा. १८ वर्षांखालच्यांना मोठ्यांचा तक्ता लागत नाही, वय आणि मुलगा-मुलगी यांप्रमाणे वेगळे आलेख असतात.

१६. आमची छोटी कंपनी आहे. बीएमआयच्या ऐवजी कंबर-उंचीचं प्रमाण ठेवलं तर चालेल ना?

तब्येतीचा अंदाज म्हणून ते बीएमआयपेक्षा बरं आहे, आरोग्याची मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २०२२ मध्ये कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत ठेवा असं लोकांना सांगायला सुरुवात केली. पण तो सल्ला स्वतःची काळजी घेण्यासाठी आहे, भरतीसाठी नाही. टेप लावून पण तुम्ही परत शरीरच मोजताय, काम नाही. तुमच्याकडे २० किलोची खोकी उचलायची असतील तर उमेदवाराला २० किलोचं खोकं उचलून रॅकवर ठेवायला सांगा, पाच वेळा, योग्य पद्धत दाखवून. सगळ्यांना तीच चाचणी, बारीक दिसणाऱ्यालासुद्धा. टेबलावरच्या कामाला ही चाचणी पण नको. मेडिकल रिपोर्ट एचआरच्या हातात जाऊ देऊ नका, डॉक्टरांनी फक्त 'या कामाला योग्य' किंवा 'या बदलांसह योग्य' एवढंच कळवावं.

१७. नोकरी लागली तेव्हा ठीक होतं, नंतर वजन वाढलं. आता काढू शकतात का?

काम होतंय तोवर काढणं अवघड असावं, पण करारात वजन टिकवायची अट असेल, जशी काही एअरलाइनमध्ये असते, तर आधी ती नीट वाचा: किती मुदत देतात, मधल्या काळात जमिनीवरचं काम आणि पगार मिळतो का, आजार किंवा बाळंतपण धरतात का.

डेन्मार्कमध्ये मुलं सांभाळायचं काम करणाऱ्या एकाला त्याच्या नगरपालिकेने १५ वर्षांच्या नोकरीनंतर काढलं, त्याचं वजन १६० किलोच्या आसपास होतं आणि तेच खरं कारण आहे असं त्याचं म्हणणं होतं. युरोपियन कोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की लठ्ठपणा म्हणून वेगळं संरक्षण नाही, पण त्यामुळे दीर्घकाळ हालचालीला किंवा कामात सहभागी व्हायला अडथळा येत असेल तर ते अपंगत्वात बसू शकतं. म्हणजे बीएमआय किती यावर नाही, रोजच्या कामात काय अडतं यावर ठरतं, आणि एकदा अपंगत्व मानलं की मालकाला आधी वाजवी बदल करून द्यावे लागतात, वेगळी खुर्ची, मोठ्या मापाचा युनिफॉर्म, कामाची वेगळी वाटणी. म्हणून त्रास होत असेल तर लपवू नका, अशा बदलाची मागणी मेलवर करा आणि तो मेल जपून ठेवा.